मुक्ता घरी येईपर्यंत

मूल नऊ महिन्यांत झालं असतं, तर सांगण्यासारखे दोनच किस्से जमले असते आणि त्यातला एक हॉस्पिटलचा असता. आम्हाला चार वर्षं लागली. त्यामुळे इकडे परदेशात, फ्लॅट बुश या आमच्या उपनगरात, आमच्या मराठी ग्रुपचं कुणाकडेही जेवण असो, श्रीखंड वाढेपर्यंत कुणीतरी म्हणतंच, "अरे, तो अमका किस्सा सांग ना!" मलाही फारसा आग्रह लागत नाही.

मी आणि मेधा दोघं पुण्याचे. मी शेजारच्या ईस्ट टामाकीत पॅकिंग मशिनच्या कारखान्यात इंजिनिअर, मेधा घरून सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. डॉक्टरांचे उपाय संपले, पण आमची हौस संपली नाही. म्हणून २०१३ साली भारतातून मूल दत्तक घ्यायचं ठरवलं. इथल्या सोशल वर्करने आम्हाला तपासायचं, तिचा अहवाल भारतात जायचा आणि तिकडून मूल सुचवलं जायचं. ऐकताना किती सोपं वाटतं!

* * *

कारखान्यातल्या सवयीने मी पहिल्याच रविवारी एक चार्ट केला. रंगीत पट्ट्या, तारखा आणि अकराव्या महिन्यात एक लाल चांदणी, 'बाळ घरी'. झोकात फ्रिजवर लावला.

आमची सोशल वर्कर जोआन, साठीची, शांत बाई. पहिल्या भेटीत तिने चष्मा लावून तो चार्ट सावकाश वाचला.

"ब्युटिफुल," ती म्हणाली. "पेन्सिलने केलाय का?"

"छे! परमनंट मार्करने."

"ओ डिअर!"

पुढे ती चांदणी चार वेळा सरकली. पाचव्यांदा मेधाने चार्ट उतरवला आणि पाठीमागे किराण्याची यादी लिहिली.

* * *

इथल्या घरांत स्वयंपाकघराजवळ स्मोक अलार्म असतो आणि त्याला आपल्या फोडणीचं वावडं असतं. मिरची तेलात पडली की हा बोंबललाच! म्हणून आपल्यातली बरीच मंडळी मोटेलमधून आणलेली शॉवर कॅप त्याला घालून ठेवतात. आम्हीही घातली होती.

जोआन घराची सुरक्षा तपासायला येणार म्हणून आम्ही पुस्तकांची कपाटं भिंतीला स्क्रूने पक्की केली, औषधांना कुलूप लावलं, सुऱ्या वरच्या फळीवर ठेवल्या. जोआनने सगळं पाहिलं, मान डोलावली आणि मग छताकडे बघत उभी राहिली.

"त्याची आंघोळ चाललीय का?"

मेधाला खोटं बोलता येत नाही. तिने फोडणीपासून सगळं सांगितलं. जोआन म्हणाली, "कॅप काढा आणि करून दाखवा."

मेधाने फोडणी केली. अलार्म किंचाळला. खोकत खोकत खिडक्या उघडतोय तोवर शेजारचा म्हातारा ब्रायन आग विझवायचा लाल सिलिंडर घेऊन, अर्धी दाढी केलेला, आमच्या हॉलमध्ये!

आता संपलं, असं आम्ही दोघांनी मनाशी धरलं. आठवड्याने अहवालाची प्रत आली. त्यात एक ओळ होती, 'कुटुंबाचे शेजारी मदतीला अत्यंत तत्पर आहेत.'

* * *

तीन ओळखीच्यांनी आमच्याबद्दल लिहून द्यायचं होतं. पहिला मान अर्थातच नंदूचा. नंदू कॉलेजपासूनचा मित्र, इकडे शिकायला आला आणि आता मस्त डेअरी चालवतो. डेअरी म्हणजे इथलं कोपऱ्यावरचं दुकान, म्हशी नाहीत. त्याला वाटलं, लग्नाचं स्थळ सुचवल्यासारखं लिहायचंय. त्याने लिहिलं, 'दोघं निर्व्यसनी, मनमिळाऊ, उच्चशिक्षित. कधीही भांडत नाहीत.'

जोआनचा त्याला फोन, "अशी माणसं मी अजून पाहिली नाहीत. खरं काय ते लिहा."

खोटारडा ठरवल्याचा नंदूला भयंकर राग आला. त्या तिरमिरीत त्याने चार पानं लिहिली. इथल्या कोरोमँडल किनाऱ्यावरच्या कॅम्पिंगला आम्ही तंबू लावताना दीड तास भांडलो, मेधा गाडीत झोपली, मी अर्ध्या उभ्या तंबूत झोपलो, सकाळी तिने मला चहा करून दिला, मी तिला ब्रेड भाजून दिला आणि मग भांडण जिथे थांबलं होतं तिथून पुढे सुरू केलं. सगळं, तारीखवार!

जोआन खूष! "आता मी यांची शिफारस करू शकते," म्हणाली.

नंदूची बायको शिल्पा मात्र विचारात पडली. "यांच्यावर चार पानं? मग आपल्यावर किती लिहिशील?"

"पुरवणी लागेल," नंदू म्हणाला.

* * *

पुण्याला माझी आई स्वेटर विणायला बसली. पहिल्या वर्षी एक वर्षाच्या बाळाचा. तो पार्सलने आला, बाळ आलं नाही. पुढच्या वर्षी दोन वर्षांच्या मुलाचा. मग तीनचा. फोनवर ती कधी "काय झालं रे?" असं विचारायची नाही. "छाती किती धरू?" एवढंच विचारायची.

स्वेटर पडून राहतात म्हणून मेधाने ते ग्रुपमधल्या मुलांना देऊन टाकले. तिसऱ्या हिवाळ्यात पार्कमध्ये बघावं तर घसरगुंडीवर, झोक्यावर, सगळीकडे माझ्या आईचे स्वेटर धावतायत!

त्याच हिवाळ्यात एक मूल आम्हाला सुचवलं जाता जाता राहिलं. मेधाने दोन दिवस कामाचा कॉम्प्युटर उघडलाच नाही. नंदूची सहा वर्षांची तन्वी आली, अंगात माझ्या आईने विणलेला, तिला आखूड होणारा पिवळा स्वेटर. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्लिशमध्येच येतं. ती मेधाजवळ जाऊन म्हणाली, "डोंट वरी मावशी, आय ॲम ओन्ली बॉरोइंग इट."

त्या दिवशी आम्ही दोघं रडलो. लपवण्यासारखं त्यात काही नाही.

* * *

कारखान्यात आमचा फोरमन सिओने. सामोआ बेटांवरचा, दरवाजाएवढा माणूस. माझी फाइल कुठे अडली ते दर सोमवारी चहाच्या सुट्टीत विचारायचा आणि ऐकून थक्क व्हायचा. त्याला त्याच्या मावशीने वाढवलेलं. "आमच्याकडे आजीने बोट दाखवलं, 'हा तिच्याकडे जाईल.' पाच मिनिटं लागली, ब्रो! तुझ्या आजीला विचार ना!"

मशिनवर फोन न्यायला बंदी, त्यामुळे माझा लॉकरमध्ये असायचा. एका शुक्रवारी मेधाने मला अकरा मिस्ड कॉल दिले आणि शेवटी ऑफिसच्या नंबरवर फोन लावला. तो उचलला सिओनेने. ती एवढी हुंदके देत होती, की त्याने सगळा निरोप कागदावर उतरवून घेतला.

मला दिसलं ते इतकंच, की लाइन अचानक थांबली. आपत्कालीन लाल बटण कुणीतरी दाबलं होतं! माणसं भराभर दाराकडे निघाली. तेवढ्यात स्पीकरवरून सिओनेचा आवाज घुमला, "एव्हरीबडी, लिसन! इट्स अ गर्ल! वय पावणेचार, वजन साडेबारा किलो!"

टाळ्या, शिट्ट्या, कुणी मला उचललंसुद्धा. उत्पादन वीस मिनिटं बंद. मॅनेजरने रिपोर्टमध्ये कारण लिहिलं, 'डिलिव्हरी'.

* * *

आता शेवटचा.

सोलापूरकडच्या संस्थेतून आम्ही मुक्ताला घेऊन आलो, तेव्हा ती चार वर्षांची होती. आम्हाला आई-बाबा म्हणायची, कारण तिथल्या ताईंनी तसं शिकवलं होतं. पण घराला म्हणायची 'तुमचं घर'. "तुमच्या घरी दूध गार का असतं?" "तुमच्या घरी कुत्रा नाही?" रोज सकाळी दोन फ्रॉक घडी करून बॅगेत भरून ठेवायची. मेधा ते परत कपाटात लावायची. दुसऱ्या दिवशी फ्रॉक पुन्हा बॅगेत. कोर्टाचा कागद, पासपोर्ट, व्हिसा, सगळं हातात होतं, तरी ती बॅग रोज भरलेलीच.

जोआनने बजावलं होतं, लगेच गर्दी जमवू नका. दीड महिना कशीबशी कळ काढली, मग एका शनिवारी दुपारी सगळ्यांना जेवायला बोलावलं. बावीस माणसं. संस्थेत जेवणाआधी मोठी मुलं लहानांना रांगेत बसवून हात तपासायची. मुक्ताने तेच केलं. "मांडी घाला! हात पुढे!" नंदू, शिल्पा, म्हातारा ब्रायन, सगळे मुकाट्याने बसले. सिओनेला तिने हात धुवायला दोनदा परत पाठवलं.

सगळे निघाले तेव्हा मुक्ता दारात उभी राहिली. पाहुण्यांना निरोप द्यायची तिथली पद्धत. एकेकाला हात जोडून, "नमस्ते, पुन्हा या."

आपल्या लोकांचा खरा निरोप गाडीपाशी सुरू होतो. त्याप्रमाणे मी आणि मेधाही जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, अडकवून त्यांच्याबरोबर ड्राइव्हवेवर गेलो. गप्पा रंगल्या. एवढ्यात मुक्ता अनवाणी धावत आली. तिने एका हाताने मेधाची ओढणी आणि दुसऱ्या हाताने माझी पँट धरली.

"तुम्ही कुठे निघालात?"

"कुठे नाही गं," मेधा म्हणाली. "यांना सोडायला आलोय."

मुक्ताने त्या बावीस जणांकडे पाहिलं, मग आमच्याकडे.

"ते पाहुणे आहेत," ती म्हणाली. "पाहुणे गेले की दार लावायचं असतं. आपण घरातले. चला आत, पाय धुवा!"

ओढत तिने आम्हा दोघांना घरात नेलं आणि बावीस माणसांच्या तोंडावर धाडकन दार लावून घेतलं.