यानात कुणीच बसत न्हाई

दिवाळी झाली की आमच्या तांड्यावर ट्रक येतो, उसतोडीला न्यायला. त्या साली शाळा बुडू नये म्हणून मी पोरीला मागं ठेवायचं कबूल केलं, आन् तवापासून जिवाला थारा न्हाई. पोरगी चौथीत. तिच्यासंगं राहणार माझी सासू, तिला धड दिसत न्हाई. कोण कोणाला संभाळणार?

पोरीला त्याचं काईच न्हाई. नरसी गावात शाळेचं प्रदर्शन होतं, ती आपली खोक्याला बिस्किटाच्या पुड्याचा चमकता कागद चिटकवून राहिली.

"काय करून राहिली गं?"

"याडी," आमच्यात आईला याडी म्हणतात, "हे यान हाय, जवळच्या ताऱ्याकडं जाणारं. हे त्याचं शीड. इथून उजेड मारायचा, उजेडानं ते ढकललं जातं. म्हणून लई हलकं पाहिजे."

"आत कोण बसतं?"

"कुणीच न्हाई. लई लांब हाय, माणसाचा जन्म पुरत न्हाई."

सासू बाहेरून बोलली, "माणूसच न्हाई तं जाऊन करतं काय? ऊस तोडतं का?"

पोरगी खदखदून हसली. मी म्हणलं, वाटंत मोडलं तं? म्हणली, इथून इचारायला गेलं तं सांगावा पोचायलाच चार वर्सांच्या वर लागतात, म्हणून निघायच्या आधीच त्याला सगळं शिकवून ठेवायचं, सर म्हणले.

झालं, मी सुरूच केलं. भाकर थापताना, पाणी भरताना, वेणी घालताना. पेटती चिमणी पडली तं काय करशीन? माती टाकीन. साप निघाला तं? हात न्हाई घालणार. आजीला ताप आला तं? ती सगळं बराबर सांगे, आन् मला अजून दोन गोष्टी आठवत.

ट्रक यायच्या आदल्या दिवशी मी इचारलं, "आन् मी शिकवलंच न्हाई असं काई झालं तं?"

तिनं खोकं खाली ठेवलं. "यानाचं तसं झालं ना, तं ते बाकी सगळं बंद करतं, आपल्याकडं तोंड करतं आन् हाक मारत राहतं."

"तू कोणाकडं तोंड करशीन?"

तिनं समोरच्या घराकडं बोट केलं. तिथली काकी बाळंतीण, ती त्या साली तोडीला येणार नव्हती. मी पळतच गेले.

"काहून एवढी धापा टाकून राहिली? कुत्रं लागलं का मागं?"

मी सांगितलं. काकी म्हणली, "हाक मारली तं येईनच की. पण तुझी पोरगी मारती व्हय? सगळं येतंय म्हणती अन् गप बसती."

खरंच होतं. मी पोरीला अंगणात उभी केली. मार हाक. ती लाजून पुटपुटली. अजून मोठ्यानं. "लोकं हसतेत ना याडी!" हसू दे. सासू म्हणली, कोंबड्या पळाल्या, तरी काकीला ऐकू गेलं न्हाई. तेवढ्यात आमच्या टोळीचा मुकादम सामान बांधायला ओरडला, आन् ते तसंच राहिलं.

सकाळी ट्रक निघाला. मी मागच्या फळीला धरून बसले, रडूही येईना. धुराळ्यात पोरगी दिसेनाशी झाली, आन् तवा मागून हाक आली, घसा फोडून मारलेली. मी उठायला गेले, नवऱ्यानं हात धरला.

हाक मला नव्हती. "काकीऽऽ!"

काय झालं, पडली का, भ्याली का, काई कळंना. वळणावर एकदा तांडा दिसला. काकी लेकरू काखेत घेऊन, पदर न सावरता, आमच्या अंगणाकडं पळून राहिली होती.