कापसाच्या रांगेतला सामना

कापसानं शिगोशीग भरलेल्या बैलबंड्यांची लांबच लांब रांग, आणि त्या बंड्यांच्या माथ्यावर उभी राहून एकमेकांकडे बास्केटबॉल फेकणारी कॉलेजची पोरं — माझ्या बालपणातलं यवतमाळ मला आधी असंच दिसतं. पौषातलं कोवळं ऊन, हवेत तरंगणारे तंतू, सरकीचा तेलकट वास, बैलांच्या घुंगरांचा आळसावलेला नाद… आणि खाली रस्त्यावर, गळ्यात शिट्टी अडकवून, “वरून दे पास, वरून!” असं ओरडत धावणारे माझे बाबा.

बाबा कचेरीत कारकून. ते आणि त्यांचे मित्र दिगूकाका एकाच कॉलेजच्या संघातून खेळलेले, अमरावतीच्या संघाकडून अंतिम सामना हरलेले, आणि त्या दुखण्यावर उतारा म्हणून की काय, त्याच कॉलेजच्या मैदानावर रोज संध्याकाळी हौसेनं शिकवायला जाणारे. त्या वर्षांत कापसाला भाव नव्हता, खरेदी केंद्र उशिरा उघडायचं आणि रांगेत लागलेली बंडी दिवसच्या दिवस जागची हलायची नाही. निम्मा संघ शेतकऱ्यांच्या घरचा. पोरं बंडी राखत बसलेली. मैदान ओस पडलं, तेव्हा या दोघांनी मैदानच उचलून रांगेत आणलं!

त्या हिवाळ्यात संघ अंतिम सामन्यात पोचला — पुन्हा अमरावतीत, पुन्हा त्याच संघाशी. आणि कर्णधार गजूच्या बंडीचा नंबर नेमका त्याच दिवशी लागणार होता.

“मले नाही जमत सर,” गजू मान खाली घालून म्हणाला. “वडलाचा पाय मोडला. नंबर आला अन् मानूस नसला, त बंडी मागं ढकलतात.”

“मी बसतो बंडीवर,” दिगूकाका म्हणाले.

“तू?” बाबा हसले. “तू कापसाची प्रत लावणाऱ्या ग्रेडरशी भांडशील अन् बंडी जाईल पार कळंबपर्यंत मागं. मी बसतो.”

“काहून बे? इतकी वर्षं वाट पाहून राह्यला ना तू?”

“तुही शिट्टी पोरं ऐकतात. माही त बैलही ऐकत नाही.”

सगळे हसले, मीही हसले. आईनं मात्र सामन्याच्या दिवशी सकाळी डबा बांधताना बाबांकडे दोनदा पाहिलं.

मी हट्टानं त्यांच्यासोबत बंडीवर चढले आणि कमरेपर्यंत कापसात रुतून बसले. दुपारी रांग सरकली, पण गजूचे बैल ढिम्म. पुढे फट पडली आणि मागून एक ट्रॅक्टर खुशाल त्या फटीत शिरू लागला. मग माझ्या कारकून बापानं बंडीवरून उडी घेतली! गुडघे वाकवून, दोन्ही हात पसरून ते ट्रॅक्टरच्या तोंडासमोर उभे राहिले. तो डावीकडे वळला की हे डावीकडे, तो उजवीकडे की हे उजवीकडे.

“ओ मास्तर, कबड्डी खेळून राह्यले काय?”

“बास्केटबॉल!” बाबा गरजले.

अख्खी रांग खदखदली. ट्रॅक्टर मागे गेला, आणि ऊन कलता कलता गजूचा कापूस काट्यावर चढला.

संध्याकाळी पोरं एसटीतून उतरून तडक केंद्राच्या आवारात आली. चेहऱ्यांवरूनच कळलं. गजू आधी रिकाम्या बंडीकडे पाहत राहिला, मग पुटपुटला, “एका बास्केटनं गेला, सर.”

बाबा म्हणाले, “दाखवा.”

आणि तिथं, केंद्र बंद होऊन रिकाम्या झालेल्या आवारात, सांडलेल्या कापसावर, पोरांनी शेवटची मिनिटं पुन्हा खेळून दाखवली. दिगूकाका एकटेच अमरावतीचा सगळा संघ झाले, वर पंचही झाले. कुणी लबाडी केली नाही. ज्याच्या हातून चेंडू निसटला होता, त्यानं तो तसाच निसटू दिला. शेवटी गजूनं उडी घेऊन चेंडू सोडला… तिथं रिंग कुठली असायला! मावळत्या उजेडात चेंडू वर वर गेला, आणि तेवढा वेळ तरी तो चुकलेला नव्हता.

“हात बरोबर होता रे,” बाबा म्हणाले.

दिवसभर स्वतःला आवरून धरलेला गजू तेव्हा रडला.

आता त्या आवारात दुकानांचे गाळे आहेत. गजू पुढे त्याच कॉलेजात बास्केटबॉल शिकवू लागला. त्याच्या पोरांनी अमरावतीला हरवलं, तेव्हा मी घसा बसेस्तोवर ओरडले. पण आवारातल्या त्या सामन्याला प्रेक्षक दोनच होते — बाबा आणि मी. बाबा गेल्यापासून… तो पाहिलेली मी एकटीच उरले आहे.