दारउघड्यांची एर्सीलिया

रोक्कामोरात आजही शपथ घ्यायची ती काउंट ग्विस्कार्दोची. सातशे वर्षांपूर्वी या भल्या माणसाने गावाचा कर माफ केला, वेढा पडला तेव्हा तटावर स्वतः पहारा दिला. एका पहारेकऱ्याने आतून वेस उघडली आणि शत्रूने काउंटला तिथेच कापलं. त्या पहारेकऱ्याच्या वंशजांना आम्ही दारउघडे म्हणतो.

एर्सीलिया त्यांच्यातली शेवटची. मेंढ्या पाळायची, चीज करायची. चीज सगळे न्यायचे, पण ती गुत्त्यात शिरली की बोलणी थांबायची. शेजारीण परगावी निघाली की घराची किल्ली चार घरं ओलांडून द्यायची. तिचा नवरा परगावचा, पण तोही पुढे पेटीला कुलूप लावू लागला. तीही कमी नव्हती. कुणी सहज ‘कशी आहेस?’ विचारलं, तर म्हणायची, ‘का, काय हरवलंय?’

काउंटच्या दिवशी वेस बंद करायची आणि दारउघड्यांनी बाहेर राहायचं, ही रीत. त्या वर्षी नवे पाद्री डॉन एवासिओ यांनी बाजूच्या दिंडीला, म्हणजे लहान दाराला, बाहेरून कुलूप घातलं आणि वेशीतून आत येऊन अडसर सरकवला. मिरवणूक उतारावरून आली. वेशीला आतून टेकून गवताची गाडी उभी होती, तिच्यावर कुणाची तरी मशाल पडली. अडसर जाळाच्या पलीकडे. बोळ अरुंद, मागून लोटणारी गर्दी, वर धूर. मी दिंडीला चेपला गेलो होतो. पाद्रींनी किल्ली तटावरून बाहेर फेकली आणि एर्सीलियाला हाका मारल्या.

फटीतून मला तिचा घागरा दिसत होता. तिने किल्ली उचलली, पण जागची हलली नाही.

“उघडायला कोण सांगतंय?”

“मी, ओरेस्ते,” आमचा सरपंच खोकत म्हणाला. “उघड, बाई.”

“उद्या म्हणशील, दारउघड्यांनी पुन्हा दार उघडलं.”

“नाही म्हणणार. पोरं गुदमरतायत गं.”

“घे काउंटची शपथ.”

त्याने घेतली. मग कुलूप खडखडलं.

कुणी दगावलं नाही. पण आठवडाभरात कुजबुज सुरू झाली: ही दिंडीच्या इतकी जवळ का उभी होती? गाडी सरपंचाच्या मेहुण्याची होती. त्याला कुणी काही विचारलं नाही. ओरेस्तेने शपथ पाळली. स्वतः बोलला नाही, बोलणाऱ्यांना थांबवलंही नाही.

पुढच्या वर्षी काउंटच्या दिवशी डॉन एवासिओ तिच्या वाड्यावर मेंढ्यांमधून वाट काढत गेले आणि वेशीच्या आत पूजेला या म्हणाले. हे कुणी सुचवलं, असं तिने तीनदा विचारलं. शेवटी आली, कुत्र्याला घेऊन, आणि मागे माझ्याशेजारी उभी राहिली. पूजेनंतर आशीर्वाद दिलेले पाव वाटले. तिने आपला मोडून पहिला तुकडा कुत्र्याला टाकला, त्याने तो खाल्लेला नीट पाहिला आणि मगच उरलेला तोंडात घातला.