घरात इंजिनेर असतानी

इंजिनियरिंगच्या डिप्लोमाला माझा नंबर लागला तेव्हा मी आयुष्यात एकदाही विजेचं बटण दाबलेलं नव्हतं. अकोल्याकडच्या आमच्या खेड्यात विजेचे खांबच नव्हते, तर बटण कुठून येणार!

आमच्यासारखी बौद्ध वस्त्यांतली, मेळघाटातली पोरं पहिल्याच वर्षी गांगरून पळून जातात, म्हणून अमरावतीच्या एका सरांनी उन्हाळ्याच्या सुटीत फुकट तयारीचा वर्ग काढला होता. हेतू थोर! पण पहिल्याच दिवशी सर म्हणाले, "वीज दिसत नाही. तिला वास नाही. कुणी चिकटलाच तर त्याला हात लावू नका. कोरड्या लाकडानं बाजूला करा."

शेजारी बसलेला धारणीचा पोरगा कुजबुजला, "आमच्याकडचा वाघ बरा. दिसते तरी!"

मी बडनेऱ्याला मामाकडे राहत होतो. मामा रेल्वेत, क्वार्टरला नुकतीच वीज आलेली. सरांचं भाषण मी तिथे तिखटमीठ लावून सांगितलं. (इथेच चुकलो.)

रविवारी दिवेलागणीला मामीनं बटण दाबलं. दिवा लागेना. मामा वायरमनकडे निघाला, तर मामी म्हणाली, "घरात इंजिनेर असतानी वायरमन कायले?"

"मामी, मले अजून बटनापर्यंतबी शिकवलं नाही!"

पण नाही कसं म्हणणार? माझा नंबर लागला म्हणून बाबांनी साऱ्या वस्तीत गूळ वाटला होता. चढलो स्टुलावर.

"मामा, मेन बंद केला?"

"केला. दांडी वर होती, खाली केली."

"खाली म्हंजे बंद का चालू?"

"इंजिनेर तू हायस का मी?"

मग त्यानं दांडी वर केली, खाली केली, पुन्हा वर केली. आधी ती कुठे होती हेच कुणाला आठवेना! तेवढ्यात मामी मुसळ घेऊन स्टुलाला खेटून उभी राहिली.

"हे कायले, मामी?"

"कोरडं लाकूड हाय. चिकटला का सांगजो."

"चिकटलेला माणूस सांगंल कसा?"

"मंग अंदाजानंच हाणीन."

वर वीज, खाली मुसळ! डोळे मिटून होल्डरला हात लावला, आणि होल्डरमागची पाल सरसर माझ्या बाहीत शिरली.

"मेलो!"

मामीचा अंदाज अचूक निघाला. मुसळ नडगीवर बसलं आणि मी स्टुलासकट कुरड्यांच्या बाजेवर! वर्षभराच्या कुरड्यांचा भुगा. मामा दारातूनच ओरडत होता, "हात नोका लावू त्याले!"

तेवढ्यात शेजारच्या काकू डोकावल्या. "तुमच्याकडबी लाइट नाही काय? पुऱ्या लाइनीत गेली हाय!"

मामीनं मुसळ हळूच कोपऱ्यात ठेवलं.

सोमवारी लंगडत वर्गात गेलो. "सर, मी घरी जातो. ही वीज मला झेपणार नाही."

सरांनी सगळं ऐकून घेतलं. हसले नाहीत. "भीती वाटते ना? वाटू दे. यात न घाबरणारेच मरतात. बस खाली, आज मेन स्विच शिकवतो."

बसलो. पुढे डिप्लोमाही पास झालो. अर्थात, विजेशी उगाच सलगी नको म्हणून शाखा घेतली सिव्हिल. वाटलं, सुटलो!

पहिली नेमणूक झाली धरणावर. आणि मला पोहता येत नव्हतं!