कावळ्याला दिलेली जबान

“कावळ्याला जबान दिलीय मी, आता मुकरून कसं चालेल?” शनिवारी दुपारी चहाचं मोठं पातेलं गॅसवर चढवताना मावशी हे म्हणायच्याच. मग गुडघे कितीही दुखोत.

आमच्या हिंदी मुलखातल्या शहरात, लष्कर भागात, त्या आमच्या शेजारी राहायच्या. बँकेतून निवृत्त, एकट्या, भलत्याच शिस्तीच्या. तुमच्याही गल्लीत अशी एखादी असेल, जिच्या दारावरून जाताना मुलं आवाज खाली करतात.

त्यांचा भाचा त्यांच्याकडेच वाढला. मोठेपणी तो हजीरा भागातल्या एका खोलीत दर शनिवारी बैठक भरवायचा. मुलावर प्रेम करणारे मुलगे, मुलीवर प्रेम करणाऱ्या मुली, घरच्यांनी बाहेर काढलेले, सगळे तिथे येत. तो त्यांच्यासाठी वकील गाठायचा, ठाण्यात भांडायचा. त्याचा जोडीदार सोबत असायचा. मावशींना सारं ठाऊक होतं, पण त्या विषयावर त्या तोंड उघडत नसत.

तो तरुणपणीच आजारानं गेला. दहाव्याला पिंड ठेवला, तर कावळा शिवेना. गेलेल्याची इच्छा राहिली की असं होतं, असं आपल्यात मानतात. नातेवाइकांनी वचनं देऊन पाहिली. बहिणीचं लग्न करू, मावशीला सांभाळू. कावळे आपले झाडावरच. जोडीदार लांब फाटकापाशी उभा होता, कारण आमच्या लेखी तो नुसता ‘दोस्त’.

मावशी उठल्या आणि पिंडाकडे पाहत, सगळ्यांना ऐकू जाईल असं भाच्याला म्हणाल्या, “त्याला मी घरचा मानीन. तुझी बैठकही मीच चालवीन.” मग फाटकाकडे वळून म्हणाल्या, “बेटा, इधर आओ. मेरे पास खड़े रहो.”

तो आला, आणि पाठोपाठ कावळाही.

“भूक लागली असेल त्याला,” मी एकदा चिडवलं.

“असेल. पण ऐकलं ना त्यानं?”

तेव्हापासून शनिवारची बैठक मावशींच्या दिवाणखान्यात भरू लागली. एकत्र राहणाऱ्या दोन मुलींना त्यांच्या घरच्यांनी ठाण्यात खेचलं, तेव्हा मावशी माझ्या स्कूटीवर मागे बसून निघाल्या. मुली सज्ञान आहेत, हे त्यांनी शांतपणे तीनतीनदा सांगितलं. दरोगा वैतागला. “आप इनकी कौन हैं?”

“मौसी.”

“किसकी?”

“दोनों की.”

मुली आमच्याबरोबरच बाहेर पडल्या. महाराज बाड्याच्या चौकात बैठकीतल्यांचा मोर्चा निघाला तेव्हा ही बाई इस्त्रीची सुती साडी आणि पांढरे बूट घालून सर्वांत पुढे होती. ओळखीचं कुणी दिसलं की मी मान खाली घालायचे. त्या मात्र हाक मारून विचारायच्या, “येताय का?” इतकं धीट माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

मागच्या थंडीत मावशी गेल्या. दहाव्याला भाच्याचा जोडीदार फाटकापाशी नव्हता, पिंड त्यानंच ठेवला. काय बोलायचं ते तो घोकून आला होता. पण तो हात जोडतो न जोडतो तोच कावळा खाली उतरला.

“मौसी, अभी तो मैंने कुछ कहा ही नहीं,” तो म्हणाला. कावळा खात होता. त्याच्यासमोर उभं राहून, रडत रडत, त्यानं शनिवारची बैठक चालवायचं वचन तरीही पूर्ण म्हटलं.