उतरलेला गंधार

सूर चुकला की कंडक्टरनाना एकच शब्द ओरडत, "उतर!" उभी हयात धुळे-जळगाव गाडीवर तिकिटं फाडण्यात गेलेली. निवृत्तीनंतर धुळ्यातल्या घरी पुढच्या खोलीत गाणं शिकवू लागले, तरी जिभेवरची गाडी सुटली नव्हती. मी पंचमाऐवजी मध्यमावर थांबले की कडाडायचे, "तिकीट एरंडोलनं, अन् उतरनी पारोळाले?"

सुरांमधलं अंतर मी त्या रस्त्यावरच शिकले. सा म्हणजे धुळे, वरचा सा जळगाव. पंचम म्हणजे एरंडोल, निवांत चहा प्यावा असा थांबा. निषाद म्हणजे पाळधी. "पाळधीला कुणी मुक्काम करतं का? जळगाव समोर दिसत असतं, जीव तिकडंच धावतो," म्हणत ते निषाद इतका ताणून धरत की मीच कासावीस होऊन वरचा सा लावून टाकायची. अंतर मोजायचं नाही, ऐकून पोटात काय होतं ते ओळखायचं, हा त्यांचा हट्ट होता. पाळधीवाल्यांनी माफ करावं.

गंधार शिकवताना मात्र पेटी बंद. पेटीत बाराही अंतरं सारखी कापलेली असतात, त्यामुळे तिचा गंधार केसभर चढा. तंबोरा नीट लागला की त्याच्यातूनच गंधार आपोआप ऐकू येतो, तो जरा खाली बसलेला. "तो सापडला की भांडण मिटल्यासारखं वाटतं, पोरी," नाना म्हणायचे. मला तो सापडायला दोन वर्षं लागली. सापडला त्या दिवशी नानांनी शेजारपाजारी जिलबी वाटली.

पुढे मला जळगावात एका गाण्याच्या संस्थेत नोकरी लागली. मीच हट्टानं नानांना तिथं आठवड्यातून एकदा शिकवायला नेलं. वर्षअखेरीच्या परीक्षेला संचालक सर बसले, शेजारी सहपरीक्षक म्हणून मी. फैजपूरहून येणाऱ्या, केळीची बाग सांभाळून शिकणाऱ्या एका ताईंनी तंबोऱ्यावर गंधार लावला. असा लागला की माझ्या अंगावर काटा आला. सरांनी मोबाइल पुढे केला. त्यातलं सूर मोजायचं ॲप पेटीच्या हिशेबानं बेतलेलं, काटा लाल.

"उतरलाय. मार्क कापा," सर म्हणाले.

मागं बसलेले नाना उठले. "भाऊ, तंबोरा काय म्हणतोय ते तरी ऐका."

"नाना, मशीन खोटं बोलत नाही. वयानं कान जातोच, त्यात वाईट वाटून घेऊ नका."

ताईंच्या देखत! ज्या माणसाचा कान अख्ख्या धुळ्यात नावाजलेला, त्याला! नानांनी सरांकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलं. आणि मी, नोकरी टिकवायला निघालेली शहाणी, खाली मान घालून मार्क कापले. नाना निघून गेले, ते पुन्हा संस्थेत आले नाहीत.

आठ महिने मी धुळ्याला जायचं टाळलं. मनातल्या मनात सरांना, संस्थेला, त्या ॲपला शिव्या घालत राहिले. शेवटी गेले तर पुढच्या खोलीत तंबोरा गवसणीत, त्यावर धूळ. शिकवणी केव्हाच बंद झालेली. नानांनी चहा मागवला आणि हळूच विचारलं, "त्या दिवशीना गंधार तुले ऐकू उना व्हता का?"

"आला होता, नाना. बरोबर होता. अगदी बरोबर."

"मंग ठीक शे," नाना म्हणाले. "माले वाटनं, मना कान गया."

राग अजून जात नाही, आणि तो सरांवरचा नाही. सरांचं बोलणं नानांनी बाहेर पडता पडता झटकून टाकलं असतं. माझं गप्प बसणं त्यांनी खरं धरलं, कारण माझा कान त्यांनी स्वतः तयार केला होता.