साडूचे बूट आणि माझं गाऱ्हाणं

देवाने माझं गाऱ्हाणं आयुष्यात एकदाच ऐकलं, आणि तेही अर्ध्या तासात!

दोन हजार एक सालची दिवाळी. आम्ही लांज्याजवळ माझ्या सासुरवाडीला होतो. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी गावामागचा डोंगर चढून माथ्यावरच्या देवाला नारळ द्यायचा, ही तिथली रीत. माझे साडू सुहासराव दुबईहून आलेले. पायात नवेकोरे, जाड तळव्यांचे बूट. माझ्या पायात चपला (दोनदा शिवलेल्या).

"भावोजींचे बूट बघा! घसरतच नाहीत म्हणे!" बायकोने चढणभर हेच चालवलं होतं.

"मीही घसरत नाही," मी म्हणालो आणि घसरलो.

खरं सांगतो, मी जळत होतो. दुबई नको, पगार नको, पण मला ते बूट हवे होते!

गाऱ्हाणं, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवापुढे मागणं, दरवर्षी सासरे घालत. त्या वर्षी चकल्या खाऊन त्यांचा घसा बसला होता. सगळे सुहासरावांकडे बघू लागले. तेवढ्यात सासरे कसेबसे पुटपुटले, "मोठे जावय हायत ना? मान त्येंचा."

माझी छाती फुगली. मी हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, आंब्याला मोहोर येऊ दे!"

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले.

"पोराबाळांना सुखी ठेव!"

"व्हय म्हाराजा!"

काय मागतोय ते कोण ऐकतो! माझी जीभ सैल सुटली. "आणि जो कोणी ते दुबईचे बूट घालून मिरवेल, त्याला एकदा बुडावर आपट!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यात मोठा आवाज सुहासरावांचा. (बायकोने मात्र ऐकलं होतं. तिचे डोळे मला अजून आठवतात.)

उतरताना माझ्या चपलेचा अंगठा तुटला. सुहासराव तिथेच बसले आणि बूट काढू लागले.

"घाला दादा. मी अनवाणी येतो."

"अहो, नको नको!"

"घाला हो! माणूस एवढ्या मनापासून देतोय," बायको म्हणाली.

घातले. एक नंबर मोठे होते, पण काय ऐट! मी सगळ्यांच्या पुढे झालो. शिवाय मागे वळून ओरडलोही, "सांभाळून या रे, गवत वाळलंय!"

पुढच्याच पावलाला मी बुडावर आपटलो आणि सरळ खालच्या करवंदीच्या जाळीत जाऊन थांबलो.

मग सासऱ्यांचा बसलेला घसा खाडकन सुटला.

"व्हय म्हाराजा!"

पाठोपाठ बायकोचा आवाज आला, "अहो, म्हटलं नव्हतं? बूट बघा!"

मी काट्यांतून मान वर केली. बूट खरंच घसरले नव्हते. दोन्ही वर वाटेत ऐटीत उभे होते. खाली एकटा मीच आलो होतो!